जाड तेल

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज अण्णांच्या जीपमध्ये मुद्दाम जाड तेल टाकलं. नेहमीचं पंधरा-चाळीस ग्रेडचं सोडून वीस-पन्नास. इंजन झिजलंय, पातळ तेलावर तीनदा टकटक करतं, थांबतं, पुन्हा तीनदा. अण्णा अंगठीनं स्टिअरिंगवर असंच वाजवायचे. वर्ष झालं वडलांना जाऊन.

उद्या साखरा गावचा माणूस जीप विकत घ्यायला येणार. मिस्त्री म्हणाला, "आवाज दबंल, पण इंजन लई दिवस टिकणार न्हाई. त्याला सांगून टाक." मी कशाला सांगतो? अण्णांनी मात्र सांगितलं असतं. मी कुठं खोटं बोललो की ते रागवत नसत, नुसती अंगठी वाजवत.

सेनगावपर्यंत फेरी मारली. इंजन एकदम गुमसुम. दारात लावली. दोन-तीन तासांनी चहा घेत होतो, तर बायको म्हणाली, "जीप चालूच ठेवली काहून तुमी?"

चावी माझ्या खिशात होती. बोनेटला हात लावला, गार पडलेलं. आतून तीनदा टकटक. थांबलं. पुन्हा तीनदा.

"सांगतो त्याला, अण्णा," असं मोठ्यानं म्हणालो, तेव्हा कुठं थांबलं.

खरंच सांगेन का? एवढं लिहिलं आणि बाहेर पुन्हा सुरू झालं.