कोपऱ्यावरच्या घराचा इतिहास

तीर्थरूप मामांना लांबूनच वाकून नमस्कार (गुडघे दुखत असतील तर आशीर्वाद बसूनच द्या). मामींचा खोकला, तुमची पंपदुरुस्ती आणि माझ्या नावाने चालणारी बडबड, तिन्ही जोरात असतील. 'तीन महिने कुठे टिकलास तर मिशी उतरवीन' म्हणाला होता ना? वस्तरा काढा! चौथा महिना लागला (आणि त्याच दिवशी नोकरी सुटली, पण ते पुढे).

मी इथे घरांच्या दलालाकडे होतो. राहतो बाजाराच्या कोपऱ्यावरच्या जुन्या घराच्या पोटमाळ्यावर. खाली शिंपीणकाकूंचं दुकान, बावीस वर्षांचं. (काकूंनी माझी पँट दोनदा सैल केली, यावरून जेवणाचं काय ते समजा.) तर नेमकं हेच घर विकायला निघालं. म्हणजे काकू रस्त्यावर, आणि मागोमाग तुमचा भाचा. दलालसाहेब म्हणाले, घराचा थोडा इतिहास लिहून आण, जागेला वजन येतं.

मी वाचनालयात निघालो, वाटेत दाढीला बसलो आणि इतिहास तिथेच सापडला. न्हावीदादा म्हणाले, तो जुना तुरुंग, आमचे आजोबा त्यात सहा महिने होते (छाती अशी फुगली, जणू आजोबा तिथले जेलर). निवृत्त मास्तर म्हणाले, तुरुंग कसला, शाळा! दूधवाल्या आजी म्हणाल्या, दवाखाना, माझा जन्म तिथलाच. उगाच कोणाला कशाला दुखवा? मी तिन्ही लिहिलं.

गिऱ्हाईक आलं, मालकही सहीसाठी शहरातून आले, आणि मी दारात उभं राहून खणखणीत वाचलं. झालं! न्हावीदादा साबणाचा ब्रश घेऊन धावले, त्यांच्यामागे अर्धी दाढी झालेला एकजण. मास्तर गरजले, "तुझ्या आजोबांना शाळेतच कोंडलं असेल, पाढे येईनात म्हणून!" आजी म्हणाल्या, "आणि मास्तर, तुम्हाला दवाखान्यात आणलं होतं ना, डोक्यावर पडलात तेव्हा? गुण आलेला दिसत नाही." गल्ली लोटली. प्रत्येकाचं काही ना काही त्या घरात निघालं. गिऱ्हाइकाने विचारलं, हे पाडून दुकानं काढली तर चालेल ना? सगळे एकदम त्याच्याकडे वळले. असे वळले, की तो चहा न घेताच गेला. मालक काकूंच्या स्टुलावर टेकले. म्हणाले, "माझं घर एवढं मोठं आहे, हे मला कोणी सांगितलंच नाही!" विक्री रद्द, काकूंना दहा वर्षांचा करार! अट एकच: रविवारी दारावर इतिहासाची पाटी लागावी, जाणकाराच्या हस्ते. दलालसाहेबांनी मला हाकललं (घर विकायला ठेवलं होतं, गाजवायला नाही, म्हणे), पण आता गल्लीतून जाताना लोक हाक मारून चहा पाजतात. जिंकलो, मामा!

तुमचा गाजलेला भाचा

ता. क. जाणकार म्हणजे तुम्ही. मामा इतिहासाचे गाढे अभ्यासक आहेत, असं मी सांगून बसलोय. शनिवारीच या. पंपाचं नाव काढू नका.

आणखी एक ता. क. काल पोटमाळ्यावर घराचा मूळ कागद सापडला. तुरुंग नाही, शाळा नाही, दवाखाना नाही. भुशाचं गोदाम. पहिल्या दिवसापासून भुसाच. मी धावत जाऊन काकूंना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, पालथा घातला, खडूने त्यावर बाही आखली आणि कात्री चालवली. म्हणाल्या, कागद चांगला जाड आहे, मामांचा कोट यावरच बेतते. तेव्हा उलट टपाली छातीचं माप कळवा.