आतेभावाने हात पुढे केला की

हालामोआ, चर्चच्या मागचे घर
शनिवार, उपासनेची घंटा व्हायच्या आधी

प्रभूमध्ये परमप्रिय आणि वयाने नसले तरी शहाणपणाने वडील असलेले बंधू मेसाके यांसी,

सेतालेकीचा सप्रेम सलाम. आपणांस, आपल्या सुपत्नीस व वावाऊतील सर्व मंडळीस शांती असो. आपली पाठ कशी आहे? कोनफळाचे पीक कसे आहे? चिरंजीव सेकोनाया होडीत बसला की होडी अजूनही एका अंगाला कलते काय? (सहज विचारले. त्याच्या वजनाविषयी माझ्या मनात पूर्वीपासून आदरच आहे.) आम्ही येथे सुखरूप आहोत, म्हणजे शरीराने. मनाने मी गेले अकरा दिवस संशयाच्या खाईत आहे, आणि चाळीस वर्षे उपदेश केलेल्या माणसाला हे शोभत नाही याची मला जाणीव आहे. परंतु सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निरुपद्रवी असा, असेही शास्त्रात आपल्याला सांगितलेलेच आहे. कबुतराचा भाग मी पुढच्या महिन्यात पाळीन.

आपल्याला केपुएली आठवत असेल. मिशनच्या शाळेत आपल्या पुढच्या बाकावर बसून पाठांतराच्या वेळी तळहातावर वचने लिहून आणणारा तोच. (मी तेव्हाच गुरुजींना सांगितले होते. गुरुजींनी मलाच चुगलखोर म्हणून उभे केले. असो, क्षमा केली आहे.) तो आता समोरच्या फुंगाफोनू गावात उपदेशक आहे आणि तेथील रग्बीचा संघही तोच बसवतो. आता संघ बसवणारा माणूस काय करतो? पोरांना किनाऱ्यावर पळवतो, नारळ उचलायला लावतो. केपुएलीने यातले काहीही केले नाही. पावसाळाभर तो मासळीची टोपली घेऊन घरोघर फिरला आणि म्हाताऱ्या बायकांपाशी बसला. कोणाची आजी कोणाची बहीण, कोणाची आत्या कोठे दिली, हे सगळे तो वहीत उतरवत होता. मला हे कळले तेव्हा मी समजलो की तो वंशावळ्यांवर प्रवचनमाला करणार आहे, आणि मत्सराने दोन रात्री मला झोप आली नाही. प्रवचन कुठले. तो संघ निवडत होता.

कारण आपली रीत आपल्या बेटांइतकीच जुनी. बापाची बहीण बापाहून थोर, आणि तिची मुले आपल्या मुलांहून थोर. आतेभावाने हात पुढे केला की मामेभावाने हातातले सोडायचे, मग ते डुक्कर असो, होडी असो की कमरेला नेसलेली मानाची चटई. या रीतीने मी स्वतः तीन डुकरे आणि एक घड्याळ थोरल्या बहिणीच्या, म्हणजे लुसेआनेच्या, घरी पोचवले आहे आणि आनंदाने पोचवले आहे. (घड्याळ चालत नव्हते.) परंतु हातातली वस्तू म्हणजे चेंडूसुद्धा, हे केपुएलीखेरीज कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्याने लुसेआनेच्या मुलाला, माझ्या सख्ख्या भाच्याला, लिसियातेला, आपल्या संघात घेतले आणि नेमका माझ्या मुलासमोर, उआइसेलेसमोर, उभा केला.

उआइसेले किती चपळ आहे हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या अंगणातले कोंबडे त्याने पाहुणा म्हणून आल्यावरही पकडून दिले होते. अकरा दिवसांपूर्वी दोन्ही गावांच्या सामन्याला आमचे सरदार स्वतः खुर्ची टाकून बसले होते, कारण फिजीला जाणाऱ्या संघासाठी त्यांना या दोन गावांतून एक गडी निवडायचा होता. त्यांचे चिरंजीवही आमच्या बाजूने खेळत होते. त्यांच्या पायांत बूट, बाकीचे अनवाणी. त्यांच्या हाती चेंडू आला की दोन्ही गावांची पोरे नजर खाली घालून उभी राहतात, ते सावकाश चालत जाऊन चेंडू रेषेपलीकडे ठेवतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. (सरदारपुत्राच्या मस्तकाला हात लागण्यापेक्षा गुण गेलेले बरे. हे गुण दोन्ही गावे पुढे आपापसांत वजा करून घेतात.) तेव्हा गडी निवडायचा तो आम्हा सामान्यांच्या पोरांतूनच.

पहिल्याच धावेत उआइसेलेने तिघांना चकवले. रेषा दहा पावलांवर. तेथे लिसियाते उभा. वाकलेला नाही, दबा धरलेला नाही, जेवणाच्या पंगतीत वाढप्याकडे हात करावा तसा हात पुढे.

"आण रे इकडे."

आणि माझ्या मुलाने चेंडूवरचा चिखल आपल्या सदऱ्याला पुसला आणि दोन्ही हातांनी दिला. मागे बसलेल्या बायका म्हणाल्या, "बघा हो, किती वळणाचं पोर." मला अभिमान वाटावा की भोवळ यावी हे ठरवेपर्यंत लिसियाते दुसऱ्या टोकाला पोचला होता. पुढे पुढे तर पुढच्या फळीतला आमचा फोलाऊ, ज्याला बैल ढकलू शकत नाही, तोही "दादा, घ्या" म्हणत चेंडू देऊ लागला. केपुएलीने आमच्या प्रत्येक गड्यासमोर त्याचा एकेक आतेभाऊ लावून ठेवला होता. तो संघ नव्हता, मेसाके, ती वंशावळ होती.

पंच होते मिशनचे इंग्रज मास्तर. चेंडू असा हातोहात देणे नियमात बसत नाही, पण शिट्टी त्यांच्या ओठांशी नुसती लटकून राहिली होती. मध्यांतरात मी त्यांच्याकडे तक्रार नेली, तर त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले की त्यांच्या देशात मोठ्या घरांतल्या लोकांनी हा खेळ सभ्य गृहस्थांचा ठेवण्यासाठी गिरणीतल्या नि खाणीतल्या मजुरांना बाहेर ढकलले, खेळापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई मागतात म्हणून. त्या बिचाऱ्यांना आपला निराळा खेळ मांडावा लागला. "आणि इथे साध्या शेतकऱ्याची मुलं बघा, काय सभ्यता." मी म्हणालो, "साहेब, ही सभ्यता नव्हे, हे मामाचं घर लुटणं आहे." त्यांनी माझा हात दाबला. (हा मनुष्य केपुएलीच्या घरी दर गुरुवारी जेवतो, याची नोंद असू द्यावी.)

आता माझे पाप सांगतो. कानी पडलेली मागणी नाकारणे हा अनादर, पण कानीच न पडलेली मागणी नाकारता कशी येईल? मी पुष्कळ विचार केला (साधारण संत्रे सोलण्याइतका) आणि समुद्राचे वारे लागू नये म्हणून मुलाच्या कानांत कापूस घातला. त्याने विचारले, "बाबा, हे खोटं बोलणं नाही का?" मी म्हणालो, "तू कुठे बोलतो आहेस?" परिणाम असा झाला की पंचांची शिट्टी त्याला ऐकू येईना. खेळ थांबल्यावरही तो चेंडू घेऊन रेषा ओलांडून, कुंपणावरून उडी मारून चर्चच्या आवारात गेला आणि माझ्या दिवंगत काकांच्या थडग्यावर चेंडू टेकवून हात वर करून उभा राहिला. परत आला तर वाटेत लिसियाते, तोंड मिटलेले, हात पुढे. कानांना बूच होते, डोळ्यांना काय लावणार? त्याने चेंडू दिला.

सरदारांनी शेवटी आपल्या मानकऱ्याकरवी सांगितले ते शब्दशः लिहितो: "सेतालेकीच्या मुलाला वळण आहे. पण फिजीला मला वळण पाठवायचे नाही, गडी पाठवायचा आहे. चार आठवड्यांनी पुन्हा खेळा. तेव्हा बघू."

मला वाटले मुलगा रडेल. तो पाय धुताना म्हणाला, "बाबा, फिजीत आपलं कुणी नाही ना?" मी म्हणालो, नाही. "मग मी तिथे खेळून दाखवीन." मेसाके, मी मागे वळून उगाच चुलीत फुंकर घातली. एकोणीस वर्षांच्या मुलाला आपला खेळ खेळण्यासाठी नातेवाईक नसलेला समुद्र ओलांडावा लागतो. (मी चौकशी केली. तिथे एक चुलत आत्या आहे, पण तिला मुलीच आहेत.)

बहिणीशी मी यावर बोलू शकत नाही हे आपण जाणता. ती घरात आली की भावाच्या रीतीने आदर म्हणून मी बाहेर जातो, हीच आमची माया. पत्नीकरवी विचारले तर तिने निरोप दिला की खेळात बायकांनी पडू नये. जिने माझ्या डुकरांत कधी मागेपुढे पाहिले नाही, तिला हा संकोच एकाएकी कोठून आला, हा प्रश्न मी प्रार्थनेत मांडला आहे.

तेव्हा बंधो, रक्ताच्या नात्यांचा असा बाजार मांडून खेळगडी निवडणे हे अधर्माचे आहे असे माझे ठाम मत असून येत्या रविवारी मी त्यावरच उपदेश करणार आहे.

आपला दासांतील दास,
सेतालेकी

ता. क. वरील लिहून झाल्यावर सहज आठवले की आपल्या सुपत्नी या लिसियातेच्या बापाची सख्खी बहीण. म्हणजे चि. सेकोनाया हा लिसियातेचा आतेभाऊ ठरतो. पुढच्या बोटीने त्यास धाडावे. धावता येत नसल्यास हरकत नाही, तीन पावले चालला आणि हात पुढे करता आला तरी पुरे. कोणी विचारल्यास तो माझ्याकडे शास्त्राभ्यासाला येत आहे, आणि मी त्याला एक स्तोत्र शिकवीन, म्हणजे ते खरे होईल.

पुन्हा ता. क. लिफाफा चिकटवत असताना लिसियाते स्वतः घरात आला, कोनफळाचा मोठा तुकडा उचलला आणि म्हणाला, "मामा, मला केपुएलीकडे नाही खेळायचं. तिथे नुसता हात पुढे करून उभं राहून कंटाळलो. तुमच्याकडे खेळतो. उआइसेलेची जागा द्या." उआइसेलेने सदरा घडी घालून दिला. बाहेर रस्त्यावर मला केपुएलीचा खोकला ऐकू आल्यासारखे वाटले. तेव्हा सेकोनाया अवश्य यावा, फक्त त्याने आता चेंडू नव्हे, सदरा मागायचा आहे, आणि मिळाल्यावर उआइसेलेला द्यायचा आहे.

अखेरचे. आपल्या भगिनींना, म्हणजे सेकोनायाच्या आत्यांना, मुलगे किती आणि ते हल्ली कोणत्या गावात राहतात, हे कृपया त्याच बोटीने कळवावे. केपुएलीला ते आधीच ठाऊक असेल, असा मला दाट संशय आहे.