पाण्यात पाऊल नको

विश्रांतवाडी, पुणे
२ जानेवारी २०२६

चि. श्रीनिवास यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून आपलं नेहमीचं पत्रच बरं. आम्ही सुखरूप पोचलो. पाहुण्यांसाठीच्या तुझ्या खोल्या छान, सोलकढी त्याहून छान, उशा मात्र दगडाच्या. पुढच्या खेपेला मी माझी उशी घेऊन येईन.

आमोदची अवनी कालपासून आजारी आहे. जुलाब थांबत नाहीत. मी किती जपलं होतं रे! चार वर्षांचं पोर, लाटेचा काय भरवसा, म्हणून पाण्यात पाऊलही टाकू दिलं नाही. सगळा वेळ सुरूच्या झाडांखाली ओल्या वाळूत भातुकली मांडून बसलेली. वाळूचे लाडू वळून आम्हाला वाढले, एखादा स्वतःही चाखला. तुझ्याकडे आणखी कोणाला त्रास झाला का?

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू दे.

तुझी ताई,
सुहासिनी


गावाहून, ६ जानेवारी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पुणेकरांच्या पोटाला आमचं नारळाचं वाटण सोसत नाही, त्यात समुद्राचा काय दोष? सरकारी माणसं पाणी नुकतंच तपासून गेलेत. स्वच्छ असल्याचा फलक लागलाय. वरच्या नव्या हॉटेलाचं सांडपाणी पूर्वी थेट समुद्रात जायचं, हल्ली ते सुरूंखालच्या वाळूतच मुरतं. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगाही इथून गेल्यावर आजारी पडला म्हणे, पण पोरं प्रवासात काहीबाही खातात.

शनिवारी पुण्याचीच एक बालवाडी सहलीला येतेय. बाईंना तुझाच नियम सांगितलाय. समुद्राकडे फिरकायचं नाही, सगळ्यांनी सावलीला वाळूत खेळायचं. बघ, ऐकतो की नाही तुझं!

अवनीला पापा. तुझी माया अशीच राहो.

श्रीनिवास


पुणे, ९ जानेवारी

चि. श्रीनिवास यास आशीर्वाद.

आमोद तुला फोनवर वाटेल ते बोलला. बाप आहे तो, समजून घे. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून त्याच्या मित्राच्या, केयूरच्या हाती हे पत्र देते. तो उद्या पहाटेच निघतोय.

अवनीला रक्त पडू लागलं होतं. कालपासून लघवी बंद आहे. मूत्रपिंडांनी काम सोडलंय, यंत्रावर ठेवलंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, समुद्रात डुंबली होती का? मी ठासून नाही म्हटलं. मग त्यांनी वाळूचं विचारलं. समुद्राचं पाणी वाहतं, बदलतं. ओल्या वाळूत मुरलेली घाण तिथेच राहते आणि त्यातले जंतू जगतात, असं त्या म्हणाल्या. आजी असून मीच तिला तिथे बसवलं होतं.

बालवाडी कुठली, ते तू लिहिलं नाहीस. त्या मुलांना वाळूत उतरू देऊ नकोस. तुझ्या पाया पडते.

ताई


गावाहून, १० जानेवारी

ती. ताईस सा. न.

केयूर पोचला तेव्हा दुपार झाली होती. मुलं सकाळपासून वाळूत होती, डबेही तिथेच खाल्ले. मी ओरडत धावलो, बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. हात धुववले, पण आता त्याचा काय उपयोग?

बाईंकडून पालकांचे नंबर घेऊन स्वतःच फोन लावतोय. पहिल्याच आईने घाबरून विचारलं की मुलगी पाण्यात तर नाही ना गेली. मी नाही म्हटलं. पुढचं सांगायच्या आत ती म्हणाली, देवच पावला, आणि माझे आभार मानून फोन ठेवला.

पुन्हा लावतोय. अवनीला लघवी झाली की आधी मला कळव. लोभ ठेव म्हणायला आज तोंड नाही.

श्रीनिवास