तळघरातली पर्स

सोमवार, ३. सकाळ

संपादकबाईंचा फोन. रहस्यकथेच्या अनुवादाचं नववं, तळघराचं प्रकरण परत. म्हणाल्या, मूळ इंग्रजीत नायकावर भीती लाटेसारखी चालून येते, छातीत उसळते, पाठीवरून सरपटत जाते, आणि तुमच्याकडे सगळीकडे ‘त्याला खूप भीती वाटली’. मी म्हटलं, अर्थ तोच. त्या म्हणाल्या, अर्थासाठी कोणी रहस्यकथा विकत घेत नाही. पुढच्या सोमवारपर्यंत सुधारून द्या, नाहीतर पुस्तक दुसऱ्याकडे.

अडचण एकच. मला भीतीचा अनुभव नाही. स्वभावच तसा. झुरळाची किळस आहे, पण किळस वेगळी.

संकल्प: भीतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणे.

संध्याकाळ

हिच्या मानेवरची गाठ डॉक्टरांनी पाहिली. बुधवारी सुईने तपासणी. थायरॉइडची असेल म्हणे, पुष्कळांना असते. ऐकून मला काहीच वाटलं नाही. दूध उतू गेलं ते गॅस मोठा होता म्हणून.

मंगळवार, ४

अभ्यास जोरात. इंग्रजीतल्या भावनांच्या पायाला भिंगरी. भीती स्वीप करते, सर्ज करते, क्रीप करते. आनंद धावत येतो, राग उसळतो, दुःखाचा पूर येतो. कोणाला म्हणून घरी बसवत नाही. आपल्याकडे भीती मनात बसते. पोटात गोळा येतो, येतो खरा, पण मग मुक्कामच करतो. पाचावर धारणसुद्धा बसलेलीच.

हे हिला वाचून दाखवलं. ही मानेला हात लावून खिडकीत बसली होती. म्हणाली, खरंय, बसते. मी लगेच विषय बदलला. चहात साखर कमी होती.

थोरलीचा तिच्या कामाच्या गावाहून फोन. उद्या आईबरोबर तुम्हीच जा बाबा, मावशीला त्रास नको. मी म्हटलं, हे काय सांगायला हवं? शिवाय हॉस्पिटलात घाबरलेली माणसं आयती बघायला मिळतील. एका दगडात दोन पक्षी.

बुधवार, ५. दुपार

हॉस्पिटल. बाकावर बसलो. हिने पर्स माझ्याकडे दिली आणि आत गेली. दार लागलं.

समोरचा गृहस्थ टोपीची घडी घालत होता आणि मोडत होता. एक बाई भिंतीवरची हात धुण्याची सूचना पुन्हा पुन्हा वाचत होती. कोणाचीच भीती उसळताना दिसली नाही. सगळे नुसते बसलेले. निरीक्षण निष्फळ.

मग नर्सने मला आत बोलावलं. पेशंटचा हात धरा म्हणजे त्या हलणार नाहीत. धरला. सुई पाहिली. सुई बरीच लांब असते.

त्यानंतर छत पाहिलं. मी पलंगावर होतो, पायांखाली उशी होती आणि ही बाजूच्या स्टुलावर बसून डॉक्टरांना म्हणत होती की, घ्या उरकून, हे उठायच्या आत. स्टुलावरच तपासणी झाली. हात तिने माझा धरला होता.

कारण: सकाळी नाश्ता नव्हता. (होता, पण हलका.) मी भीतीमुळे पडलो असा नर्सचा समज झाला. तो मी दूर केला. ती हो हो म्हणाली आणि ग्लुकोजचं पाणी पाजलं.

गुरुवार, ६

आज हात चालला. तळघराचं प्रकरण एका बैठकीत पूर्ण. मूळ पुस्तकाकडे बघावंच लागलं नाही, इतकं आतून आलं. अनुवादक मुरला की असं होतं. पानं लगेच पाठवून दिली.

भाजी आणायला गेलो तेव्हा दोन पायांत दोन चपला होत्या. जिन्यातला दिवा बदलायला हवा.

शुक्रवार, ७

आज रिपोर्ट. मीच आणणार, असं निक्षून सांगितलं. व्यायाम म्हणून लांबच्या रस्त्याने गेलो. खिडकीपाशी माझा नंबर आला, पण मागे एक आजोबा होते, त्यांना पुढे जाऊ दिलं. मग एका बाईंना. मग एका धडधाकट तरुणाला. माणसाने सौजन्य सोडू नये. शेवटी खिडकीच जेवणासाठी बंद झाली.

घरी येऊन सांगितलं, रिपोर्ट तयार नाही. ही म्हणाली, तयार आहे म्हणून त्यांनी मला सकाळीच कळवलंय. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. स्वतःच गेली. घरी कोणीतरी असावं म्हणून मी थांबलो.

संध्याकाळ

आली. डॉक्टरांनाही दाखवून आली. सुईतून नेमकं कळत नाही, गाठ काढूनच तपासायची. बहुतेक साधी निघते असं डॉक्टर म्हणाले. बहुतेक म्हणजे किती, हे मी विचारलं. ही सांगत होती तेवढ्यात मला आठवलं की झाडांना पाणी घालायचं राहिलंय.

झाडांना फार पाणी झालं.

सोमवार, १०

संपादकबाईंचा फोन. कौतुक. वाचताना हातपाय गार पडले म्हणाल्या. मी म्हटलं, अभ्यास केला होता.

मग म्हणाल्या, पण तळघरात पर्स कुठून आली? मूळ पुस्तकात नायकाच्या हातात पिस्तूल आहे. तुमचा नायक तळघरात बाकावर बसलाय, मांडीवर तपकिरी पर्स आहे, तिची चेन तो उघडतोय आणि लावतोय, आत तिचा चष्मा आहे ना ते बघतोय. ही ‘ती’ कोण? तो अविवाहित आहे. आणि ‘ती आत गेली, दार लागलं, आणि आता आपल्याला कोणी हाक मारणार नाही असं त्याला वाटलं’ हे वाक्य कुठलं?

मला आठवेना. छपाईची चूक असेल म्हटलं. त्या म्हणाल्या, अजून काही छापलेलं नाही.

 मग त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, उत्तम. त्या म्हणाल्या, पुस्तकाची घाई नाही, तुमच्याकडेच राहू द्या.

फोन ठेवून हिची पर्स पाहिली. खुंटीवर होती. चष्मा आत होता. मला रडू आलं. सर्दी असावी.

बुधवार, १२

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. थोरली आली आहे, मेव्हणीही आहे. जेवताना सगळ्यांना माझी योजना सांगितली. हॉस्पिटलात मी राहणार, डॉक्टरांशी मी बोलणार, बायकांनी काळजी करू नये. कोणीच विरोध केला नाही, याचं नवल वाटलं. मग थोरलीने हळूच विचारलं, आई, बाबांना सांगितलं नाहीस?

ठरलेलं आहे. हिच्याजवळ थोरली, बाहेर मेव्हणी. मला सोमवारी संध्याकाळी माझ्या ताईकडे पोचवायचं. ताईला कल्पना दिलेली आहे. जेवण हलकं द्यायचं आणि फोन आला तर आधी तिने घ्यायचा.

मी म्हटलं, अशा वेळी नवऱ्याने जवळ असायला हवं. ही माझे पायजमे बॅगेत ठेवत होती. म्हणाली, हवं की. पण त्या दिवशी मला माझी एकटीचीच भीती पुरेल हो, तुमचीही सांभाळायला नाही जमायचं.

तिलाही वाटत होती. मी विचारलंच नव्हतं.

बरं म्हटलं. तिची स्वतःची बॅग अजून भरायची होती. तिला काय काय लागेल ते मला सांगता येईना, म्हणून चेन उघडून धरली.