तळघरातली बिअर

८ जाने. २००५, शनि. नोव्हाय
अविनाशचे ऑफिसचे मित्र बेसमेंटमध्ये मॅच बघत होते. मी भजी घेऊन जिना उतरत होते तेव्हा कुणीतरी विचारलं, "वहिनी दिवसभर करतात काय?" अवि म्हणाला, "काही नाही रे. आराम."
मी एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. दोन वर्षं यीस्टवर प्रोजेक्ट. इथे अमेरिकेत नवऱ्याच्या डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून आराम. भजी ठेवली, वर आले. एक शब्द बोलले नाही. त्याचाच राग येतोय.

१२ जाने.
शेजारचा डेल गॅरेजमध्ये भली मोठी बादली घासत होता. कार फॅक्टरीतून रिटायर झालेला, एकटाच असतो. विचारलं तर म्हणे घरी बिअर करतो. थंडीत तासभर उभ्याने यीस्टवर बोललो. शेवटी म्हणाला, यीस्टचं तुला माझ्याहून जास्त कळतं. जुनी बादली उसनी दिली. अविला अजून सांगितलेलं नाही.

२२ जाने., शनि.
केली. माल्टचा पाक उकळताना मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व आटवल्यासारखा वास. मग हॉप्सची फुलं पडली आणि सगळं कडू, हिरवं. पातेलं गार करायला बाहेर बर्फात ठेवलं. लवकर गार होईना, शेवटी टबमध्ये बर्फाचं पाणी. यीस्ट टाकलं.
अवि: हा काय वास? सांगितलं. हसला. म्हणाला, दुकानात मिळते गं.

६ फेब्रु.
बिघडली. वर पांढरी साय, आंबूस वास. सगळी मोरीत ओतली. अवि: "झालं समाधान?"
चूक माझीच. गार झाल्यावर आमटीची लाकडी पळी न उकळता तशीच घालून ढवळलं. कॉलेजात एखाद्या पोरीनं असं केलं असतं तर मी तिला फाडून खाल्लं असतं. मोरी धुतली आणि दुपारी डेलबरोबर जाऊन नवा माल्ट आणला.

१३ मार्च, रवि.
दुसऱ्या खेपेची पहिली बाटली. बूच उडालं, छान फेस. कडूसर, स्वच्छ. डेलला नेऊन दिली. संपवून ग्लास परत पुढे केला.

२६ मार्च, शनि.
आमच्याकडे जेवणं. बारा माणसं. पुरुष मंडळी माझी बिअर पीत होती. देशमुख काका, आमच्या मंडळातले सगळ्यात वडील, म्हणाले, "अविनाश, हाताला चव आहे तुझ्या." अवि म्हणाला, "थँक्स, काका."
माझ्या हातात पोळ्यांचा डबा.
म्हटलं, "काका, ती मी केलीय."
"वहिनी जोक करताय," कुणीतरी म्हणालं. मग मी किती तापमानाला, किती दिवस, सगळं सांगितलं. काकांनी ग्लास खाली ठेवला. "घरच्या बाईनं दारू..." एवढंच.
म्हटलं, "भरू का अजून?"
हो म्हणाले नाहीत. ग्लासही हलवला नाही. मी भरला.

२९ मार्च
अवि तीन दिवसांनी बोलला. "चारचौघांत मला खोटं पाडलंस."
"खोटं तू बोललास."
"एवढीशी गोष्ट होती."
"मग स्वतःकडे कशाला घेतलीस?"
मलाही बरं वाटलं नाही. माणूस वाईट नाही. पण परत तेच बोलेन.

१६ एप्रिल, शनि.
डेलच्या क्लबची स्पर्धा. नंबर नाही आला. परीक्षकानं कागदावर लिहिलंय: किंचित केळ्याचा वास, आंबताना तापमान जास्त झालं असावं. बरोबर आहे त्याचं, त्या आठवड्यात अविनं हीटर वाढवला होता. कागद चार वेळा वाचला. इथल्या दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या कामाची चूक काढली. इतका आनंद झाला की गाडीत डेलला सांगताच येईना.

२४ एप्रिल, रवि.
सासूबाई दहा मेला येतायत, सहा महिन्यांसाठी. अवि: "पुढच्या रविवारपर्यंत बेसमेंट रिकामं कर. आईला काय सांगू मी?"
"मी सांगते." तिथेच साताऱ्याला फोन लावला. सांगितलं, आई, मी घरी बिअर करते, तुम्हाला आल्यावर दिसेल.
पलीकडून, "अवि पितो?"
"पितो."
"मला कधी बोलला नाही." मग, "येते, मग बघू." फोन ठेवला.
अवि पांढरा पडला होता. तेव्हा कळलं, त्याला भीती माझ्या बिअरची नव्हतीच. तो कॉलेजपासून पितो आणि आईला माहीत नव्हतं. थोडी कीव आली. सॉरी म्हणाले नाही.

१ मे, रवि.
आज मुदत. सकाळी अवि ऑफिसच्या मित्राकडे गेला तेव्हा पातेलं चढवलं. गव्हाची, हलकी. दुपारी तो आला तेव्हा बादली जिन्याखाली लागली होती, झाकण बंद.
बघत उभा राहिला. "मी काय सांगितलं होतं?"
"दहा दिवस हलवता येणार नाही."
"दहा दिवसांनी आई इथे असेल."
"हो."
वर गेला. टीव्ही लावल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. आता जिन्यात पावलं वाजतायत, खाली येतोय. मी बादलीपाशीच बसलेय, उठणार नाही.