बाबांनी आधी घेतलेला सोडा

द्वारका, नवी दिल्ली
२३ फेब्रुवारी २००३

चि. मैत्रेयी,

आईचे पुष्कळ आशीर्वाद. तुमच्या टीमची शालिनी उद्या मडगावच्या गाडीनं शिबिराला निघतेय, तिच्याबरोबर हे पत्र आणि डबा पाठवतेय. बेसनाचे लाडू सगळ्या टीमला पुरतील एवढे आहेत, एकटीनं फस्त करू नकोस. इकडची थंडी ओसरली. मेट्रोच्या खांबांचं काम चालू आहे, धुळीमुळे खिडकी उघडायची सोय नाही. पाण्याचा टँकर अजूनही त्याच्या मर्जीनं येतो.

या वेळी पत्र नेहमीसारखं बाबांच्या अक्षरात नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. फोन मी मुद्दाम केला नाही. माझा आवाज तुला लगेच कळतो.

तू मागवलेला खाण्याचा सोडा आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या डब्यात नाहीत. सामन्याआधी सोडा पाण्यातून घेतला की शेवटी शेवटी जोरात धावताना पायात आग होत नाही, असं तुमच्या कोचनी सांगितलं होतं ना? तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाबा ऑफिसातून येताना दोन्ही घेऊन आले. पण लगेच पाठवतील तर ते बाबा कसले! तू तान्ही होतीस तेव्हापासून तुझं प्रत्येक औषध आधी त्यांच्या जिभेवर. तापाचं असो, जंताचं असो. मी म्हणायचे, अहो, आजारी ती आहे.

या वेळीही तेच. सकाळी सोड्याचं पाणी प्यायचे आणि समोरच्या रिकाम्या प्लॉटवर जीव खाऊन धावायचे. शेजारचे हरिदासजी घड्याळ धरून उभे. पहिल्या दिवशी उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी सोडा कमी केला.

"तिच्या पोटाला सोसेल तेवढाच पाठवायचा," म्हणाले.

"अहो, पण तुमचं बीपी?"

"मीठ बंद आहे ना माझं? हा सोडा आहे, मीठ नव्हे. बिल्कुल काळजी करू नकोस."

लोणचं-पापडाकडे ढुंकून न बघणारा माणूस. मलाही ते पटलं.

बुधवारी हरिदासजी धापा टाकत वर आले. "भाभीजी, जल्दी चलो. भाईसाहब गिर गए."

मैत्रेयी, बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात उचलत नाही, बोलणं जड झालंय. जिवाचा धोका टळला आहे, हे आधी नीट वाच. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आधीच चढलेला असणार, त्यात हे धावणं. आणि मिठात जे सोडियम असतं तेच सोड्यातही असतं. ते ऐकून बाबांनी डोळे मिटून घेतले.

खरं सांगू, पहिल्या रात्री मला तुझाच राग आला होता. कशाला मागवलास तो सोडा, असं मनात येत राहिलं. आता तो राग नाही. तू सोडा मागितलास, बापाला चाखायला नाही सांगितलंस. हे मी लिहून देतेय, कारण तू स्वतःलाच दोष देत बसशील. मी ओळखते तुला.

येत्या रविवारी तुझा निवडीचा सामना आहे. तो होईपर्यंत तुला कळवायचं नाही, असं त्यांनी खुणेनं बजावलं. मी मान डोलावली. पण तू हसत यावंस आणि हॉस्पिटलच्या पलंगावर त्यांना असं बघावंस, ते मला सहन झालं नसतं.

तू खेळ. तो सामना सोडून आलीस तर ते मला कधीच माफ करणार नाहीत. सोड्याशिवाय खेळ आणि मग लगेच निघून ये.

रोज ते मला एकच काहीतरी विचारतात. नर्सला समजत नाही, मला समजतं. "पाय... जळतात?" मी काय सांगणार? मी आयुष्यात बसमागेसुद्धा धावले नाही. तू येऊन त्यांच्याजवळ बस आणि तूच सांग. जळले असतील तर जळले म्हणून सांग. त्यांना खरंच ऐकायचं आहे.

हे त्यांच्या पलंगाशी बसूनच लिहितेय. माझ्याकडेच बघतायत. त्यांना वाटतंय, मी लाडवांबद्दल लिहितेय.

तुम्ही दोघंही घरी यायची वाट बघणारी,
आई