एकेचाळीस नंबरचा ठिपका

३ जानेवारी
वैशाली आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता पीएच.डी. करतेय. विषय: बिडी वळणाऱ्या बायकांचा एकटेपणा आणि उदासी, दोन्हींतला सहसंबंध. गाईडना वेळ नसतो, मला निवृत्तीनंतर भरपूर असतो.
ह्यांच्या खुर्चीत बसून तिने आलेख पसरला. आडवा एकटेपणा, उभी उदासी, प्रत्येक बाईचा एक ठिपका. एकटेपणा वाढेल तशी उदासी वाढते. ठिपके रांगेने वर चढत गेलेले. फक्त एक उजवीकडे, अगदी तळाशी. फॉर्म ४१. एकटेपणा सगळ्यांत जास्त, उदासी शून्य.
"फॉर्मच चुकला असेल मॅडम. काढू?"
काढून पाहिला. सहसंबंध चांगलाच वाढला. मी म्हटले, काढ.

५ जानेवारी
शाळेतल्या गणिताच्या सिस्टर आठवल्या. ग्राफ पेपर खिडकीशी उजेडात धरायच्या. ठिपका कितीही हलक्या हाताने खोडा, तिथे कागद पातळ झालेला दिसायचाच. त्यांचा खडूने पांढरा झालेला अंगठा...
वै.ला फोन केला. ४१ म्हणजे देवकाबाई. साठीच्या पुढची, मुलगा वारला, सुनेजवळ राहते.

६ जानेवारी
फॉर्म भरला कसा, ते वै.ला खोदून विचारले. बिडी वळताना बायकांचे हात थांबत नाहीत, म्हणून खुणा दुसरी कुणी करते. दे.बाईंच्या एकटेपणाच्या प्रश्नांवर वै.ने केल्या. तेवढ्यात सून पाणी भरून आली, पेन तिने घेतला आणि वै. पुढच्या घरी गेली. उदासीचे सगळे प्रश्न सुनेने भरले. सासूला न विचारताच, असणार. शेवटचाही: जगणे नकोसे वाटते का? नाही.
असे आणखी किती फॉर्म? वै. रडली. रागावले नाही. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे मी फळ्यावर वर्षानुवर्षे लिहिले. पेन कुणाच्या हातात होता ते बघा, हे एकदाही नाही.

९ जानेवारी
ऑटोने वस्तीत. सून बिड्या द्यायला गेलेली. दे.बाई दारात, मांडीवर सूप. मी नवा फॉर्म काढला. वळता वळता उत्तरे देत होती. शेवटच्या प्रश्नाला हात थांबले. पान सुपात तसेच राहिले.
"हे तं कोनी इचारलंच नाही. तुमी काऊन इचारून राहिल्या, बाई?"
म्हटले, मागच्या वेळी आमची चूक झाली.
"मंग लिहा. रोज वाटते."
मी खूण केली. तिने माझ्याकडे पाहिले नाही.
"सुनेले नोका सांगू. चांगली आहे ते."
हो म्हणून आले.

१० जानेवारी
सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टर सोमवारी बसतात, घरचे कुणी सोबत आणा, असे तिथे फोनवर सांगितले. घरचे कुणी म्हणजे सूनच. आज शनिवार.
वै.ने ४१ परत घातला. ठिपका बरोबर रांगेत, सगळ्यांच्या वर जाऊन बसला. ती हसायला लागली आणि मध्येच थांबली.
सून दुपारी घरी असते. साडी बदलून बसले आहे. ऑटोवाला हॉर्न वाजवतोय. देवकाबाईंसमोर बोलायचे की सुनेला बाजूला घेऊन, अजून ठरले नाही. निघते.